विमानांच्या संख्येपलीकडचे हवाई संरक्षण

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

एखाद्या लहान देशाने लढाऊ विमाने विकत घेतली की वृत्तपत्रांत त्याची बातमी येते आणि तीत बहुधा तीनच गोष्टी असतात: विमानाचे नाव, विमानांची संख्या आणि कराराची रक्कम. वाचकही मग त्याच मापाने त्या देशाची ताकद जोखतात. कुणाला ती खरेदी उधळपट्टी वाटते, तर कुणाला शेजाऱ्याला दिलेला इशारा. बरीच वर्षे हा विषय आस्थेने वाचत आल्यावर माझे असे मत झाले आहे की, हे माप अपुरे तर आहेच, पण दिशाभूल करणारेही आहे. आपल्या आकाशाचा किती भाग आपण स्वतः राखणार, किती भागासाठी दुसऱ्याचा हात धरणार आणि तो कोणत्या अटींवर धरणार, हे आधी ठरवावे लागते. विमान कोणते घ्यायचे हा त्यानंतरचा प्रश्न आहे. ज्या देशांनी हा क्रम पाळला त्यांचे थोड्यात भागले आणि ज्यांनी तो उलटा केला त्यांना त्याची फार मोठी किंमत द्यावी लागली, हे उदाहरणांनिशी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

युरोपातील लहान देशांच्या खरेद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. झेक प्रजासत्ताकाने २००५ पासून स्वीडनकडून १४ ग्रिपेन विमाने भाडेपट्ट्याने घेतली. हंगेरीने २००६ पासून तेवढीच घेतली. स्लोव्हाकियाने २०१८ मध्ये एफ-१६ विमानांची मागणी नोंदवली, तीही १४ विमानांची. क्रोएशिया आणि सर्बिया या दोघांनी राफाल निवडताना आकडा धरला तो १२ चा. हे आकडे इतके जवळजवळचे असण्यामागे एक साधा हिशेब आहे. शांततेच्या काळात हवाई हद्द राखायची तर रात्र असो वा सुटीचा दिवस असो, दोन विमाने इंधन भरून, क्षेपणास्त्रे लावून आणि वैमानिक हाताशी ठेवून अशी सज्ज ठेवावी लागतात की आदेश मिळाल्यापासून १५ मिनिटांच्या आत ती हवेत असतील. दोन अशासाठी की, अनोळखी विमानाच्या जवळ जाऊन एकाने ते पाहायचे असते आणि दुसऱ्याने थोडे मागे राहून त्याची पाठराखण करायची असते. त्या दोहोंपैकी एखादे ऐनवेळी सुरू झाले नाही तर तिसरे तयार हवे. काही विमाने ठरावीक उड्डाणतास पूर्ण झाल्यामुळे हँगरमध्ये उघडून ठेवलेली असतात, एखाददुसरे मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात गेलेले असते, दोन आसनांची विमाने नव्या वैमानिकांच्या शिक्षणात गुंतलेली असतात, आणि उरतील त्यांच्यावर बाकीच्या वैमानिकांचा सराव चालू ठेवावा लागतो, कारण सराव तुटलेल्या वैमानिकाला सज्जतेच्या पाळीवर बसवता येत नाही. हे सगळे मांडले की बेरीज डझनाच्या आसपास येते. त्याहून बरीच कमी विमाने घेणारा देश संचलनाच्या दिवशी ती उडवू शकतो, पण वर्षातल्या प्रत्येक पहाटे त्यांच्या भरवशावर राहू शकत नाही.

प्रत्येक पहाटे हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. १७ फेब्रुवारी २०१४ रोजी अदिस अबाबाहून रोमला निघालेले इथिओपियन एअरलाइन्सचे विमान त्याच्या सहवैमानिकानेच पळवून जिनिव्हाला नेले. ते पहाटे स्वित्झर्लंडच्या हद्दीत आले तेव्हा त्याच्यासोबत इटलीची आणि नंतर फ्रान्सची लढाऊ विमाने होती. स्वित्झर्लंडचे एकही विमान उडाले नाही. त्यांच्याकडे हॉर्नेटसारखी उत्तम विमाने होती, वैमानिक होते, पैसा तर होताच. मात्र त्यांचे हवाई दल तेव्हा कार्यालयीन वेळेतच सज्ज असे. या घटनेची जगभर चेष्टा झाली, पण मला ती चेष्टेची वाटत नाही. चोवीस तासांची सज्जता म्हणजे पाळ्या, पाळ्या म्हणजे माणसे, आणि अशी माणसे तयार व्हायला वर्षे लागतात. स्वित्झर्लंडसारख्या संपन्न देशालाही ती पूर्ण चोवीस तासांची व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी करायला २०२० चे वर्ष अखेरीस यावे लागले. विमान विकत मिळते. सज्जता मात्र ज्याची त्यालाच घडवावी लागते.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आर्मेनियाचे आहे. २०२० च्या युद्धाआधी या देशाने रशियाकडून चार सुखोई-३० एसएम विमाने घेतली. दक्षिण कॉकेशसमधील एका लहान आणि पैशाची चणचण असलेल्या देशासाठी ही मोठीच खरेदी होती आणि तिचा गाजावाजाही झाला. २७ सप्टेंबर २०२० रोजी अझरबैजानबरोबर युद्ध पेटले, ते ४४ दिवस चालले, आणि त्या काळात या विमानांचा काहीही प्रभाव पडला नाही. पुढे पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनीच मान्य केले की, विमाने क्षेपणास्त्रांशिवाय घेतली होती आणि युद्ध सुरू होईपर्यंत क्षेपणास्त्रे मिळवता आली नाहीत. दरम्यान जमिनीवरच्या जुन्या सोव्हिएत बनावटीच्या ओसा आणि स्ट्रेला या विमानविरोधी क्षेपणास्त्र प्रणाली अझरबैजानच्या ड्रोनने एकामागून एक टिपल्या. अझरबैजानने जुनी अँतोनोव्ह-२ ही वर-खाली पंखांच्या दोन जोड्या असलेली विमाने आमिष म्हणून पुढे पाठवली. त्यांच्यावर मारा करताना या प्रणालींचा ठावठिकाणा उघडा पडे आणि वर घिरट्या घालणारे ड्रोन त्यांचा वेध घेत. पोटच्या मुलांना आघाडीवर पाठवणाऱ्या हजारो आईबापांच्या दृष्टीने त्या चार चकचकीत विमानांचा अर्थ काय उरला असेल, याचा विचार मनातून जात नाही. त्यानंतरच्या आर्मेनियाच्या खरेद्या पाहिल्या की, त्या देशाने क्रम बदलल्याचे दिसते: २०२३ मध्ये फ्रान्सकडून तीन ग्राउंड मास्टर २०० रडारचा करार झाला आणि भारताकडून आकाश ही जमिनीवरून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्र प्रणाली घेतली गेली. आधी पाहण्याची सोय, मग जमिनीवरून अटकाव, आणि विमाने त्यानंतर.

हाच क्रम बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन देशांनी पहिल्यापासून पाळला, म्हणून त्यांच्या अनुभवाकडे मी अधिक लक्षपूर्वक पाहतो. २००४ च्या मार्चमध्ये ते नाटोत गेले आणि त्याच महिन्यात लिथुआनियातील शाउलियाय तळावर बेल्जियमची एफ-१६ विमाने दाखल झाली. तेव्हापासून निरनिराळ्या सदस्य देशांच्या तुकड्या काही काही महिन्यांच्या पाळीने तिथे येतात. २०१४ पासून एस्टोनियातील आमारी तळाचीही त्यात भर पडली. या तिघांनी स्वतःची लढाऊ विमाने घेतलीच नाहीत. पण रडार मात्र स्वतःचे उभारले, ते बाल्टनेट या सामायिक जाळ्यात जोडले, तळ दुरुस्त केले, धावपट्ट्या नीट केल्या आणि येणाऱ्या पाहुण्या तुकड्यांची राहण्याची व कामाची सोय स्वतः केली. डोळे स्वतःचे आणि पंख मित्रांचे, अशी ही वाटणी आहे. आइसलँडला तर स्वतःचे सैन्यच नाही. २००६ मध्ये अमेरिकेने केफ्लाविक तळावरील आपले सैन्य काढून घेतल्यावर २००८ पासून मित्रदेशांची विमाने काही काळासाठी तिथे येऊन जातात. बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी २०१७ पासून लक्झेंबर्गसह तिन्ही देशांचे आकाश आळीपाळीने राखायला घेतले आहे, त्यामुळे दोघांचेही निम्मे ओझे हलके झाले. या व्यवस्थेला परावलंबन म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत. मला मात्र ती आर्मेनियाच्या चार विमानांपेक्षा कितीतरी स्वाभिमानी वाटते, कारण तिच्यात कोण काय करणार हे आधीच लेखी ठरलेले आहे.

अर्थात, गस्त म्हणजे संरक्षण नव्हे, आणि या दोहोंतील फरक बातम्यांत बहुतेक वेळा पुसला जातो. ओळख न देता हद्दीजवळून जाणाऱ्या विमानाला गाठून त्याला सोबत करत बाहेर नेणे हे गस्तीचे काम आहे. युद्धकाळात येणारी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन पाडणे ही वेगळी गोष्ट आहे आणि दोनचार विमानांच्या तुकडीकडून ती अपेक्षा करता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये रशियाचा एक ड्रोन बेलारूसमार्गे लाटव्हियात शिरला आणि रेझेक्ने भागात कोसळला, तेव्हा हा फरक तिथल्या सामान्य माणसालाही कळला. लिथुआनियाने नॉर्वेच्या नासाम्स या जमिनीवरून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्र प्रणालीचा करार २०१७ मध्येच केला होता. एस्टोनिया आणि लाटव्हिया यांनी २०२३ मध्ये जर्मनीची आयरिस-टी ही तशीच प्रणाली एकत्र खरेदी करण्याचा करार केला. एकत्र खरेदी हा लहानांच्या हाती असलेला जुना आणि चांगला उपाय आहे. १९७५ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क आणि नॉर्वे या चौघांनी मिळून ३४८ एफ-१६ विमानांची मागणी एकदम नोंदवली, म्हणून जुळणी आणि सुट्या भागांचे उत्पादन त्यांच्या स्वतःच्या भूमीवर आले. एकट्यादुकट्या देशाला हे मिळाले नसते. मालवाहू विमानांच्या बाबतीत तर १२ देशांनी मिळून तीन सी-१७ विमाने हंगेरीतील पापा तळावर ठेवली आहेत आणि प्रत्येक देश आपल्या गरजेपुरते उड्डाणतास विकत घेतो. वर्षाकाठी थोडेच तास मोठे विमान लागणाऱ्या देशाला ते अख्खे बाळगण्याची गरज काय?

ड्रोनचा उल्लेख आला म्हणून श्रीलंकेची आठवण करून देतो. २६ मार्च २००७ च्या रात्री तामिळ वाघांच्या लहानशा विमानांनी कटुनायके येथील हवाई दलाच्या तळावर बॉम्ब टाकले. ती झ्लिन जातीची हलकी, पंख्याच्या इंजिनाची, मुळात प्रशिक्षणासाठी बनवलेली विमाने होती. समोरच्या बाजूला किफिर आणि मिग-२७ यांसारखी वेगवान जेट विमाने होती. खालून, हळू आणि लहान आकारात येणारी गोष्ट वेगवान विमानाला शोधायलाही अवघड आणि पाडायलाही अवघड असते, हा धडा जगाला ड्रोनच्या आधी कितीतरी वर्षे तिथे मिळाला होता. आज ड्रोन स्वस्त आणि त्याला पाडणारे क्षेपणास्त्र त्याच्या कित्येक पट महाग, अशी स्थिती असल्यामुळे लहान देशाचे अंदाजपत्रक शत्रूआधी स्वतःच्याच क्षेपणास्त्रांनी रिकामे होण्याचा धोका आहे. म्हणून तोफा, जॅमर आणि ड्रोनचा आवाज टिपणारी साधी यंत्रणा यांसारख्या कमी खर्चाच्या साधनांना पुन्हा किंमत आली आहे, आणि ती छायाचित्रात शोभत नाहीत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

आता अटींविषयी. शस्त्र विकत घेतले तरी ते पूर्णपणे आपले होत नाही, हे क्रोएशियाला जसे कळले तसे क्वचितच कुणाला कळले असेल. २०१८ मध्ये त्या देशाने इस्रायलची वापरलेली १२ एफ-१६ विमाने घ्यायचे ठरवले. विमाने मूळची अमेरिकी, त्यांत इस्रायलने स्वतःची यंत्रणा बसवलेली. अशा विमानांच्या फेरविक्रीला अमेरिकेने मान्यता दिली नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सगळा व्यवहार कोसळला. खरेदीदार तयार, विक्रेता तयार, पण तिसऱ्याचा होकार नाही. क्रोएशियाने मग २०२१ मध्ये फ्रान्सकडून १२ वापरलेली राफाल घेतली आणि तोवर जुनी मिग-२१ विमाने कशीबशी चालवत ठेवली. रोमानियाने मात्र अमेरिकेची संमती आधी मिळवून पोर्तुगालची वापरलेली एफ-१६ विमाने घेतली आणि २०१६ पासून ती वापरात आणली. वापरलेले विमान घेणे यात कमीपणा काहीच नाही. उरलेले उड्डाणतास, इंजिनांची अवस्था आणि कागदपत्रे नीट तपासली तर तो शहाणपणाचा व्यवहार असतो. स्लोव्हाकियाची अडचण आणखी वेगळी होती. त्यांच्या मिग-२९ विमानांची देखभाल रशियन तंत्रज्ञांवर आणि सुट्या भागांवर अवलंबून राहिली होती, आणि २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर ते अवलंबून राहणे अशक्य झाले. त्यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये ती विमाने सेवेतून काढली, पुढे १३ विमाने युक्रेनला दिली, आणि नवी एफ-१६ येईपर्यंत झेक प्रजासत्ताक व पोलंड यांनी स्लोव्हाकियाचे आकाश राखले. शेजाऱ्यांशी आधीपासून असलेला सलोखा इथे एखाद्या स्क्वाड्रनइतका कामी आला.

यात पुरवठा करणाऱ्या देशाचीही जबाबदारी येते, आणि आपण भारतीयांनी हा भाग डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे, कारण आता आपणही विमाने आणि क्षेपणास्त्रे विकणारे झालो आहोत. इक्वेडोरने भारताकडून सात ध्रुव हेलिकॉप्टर घेतली. त्यांपैकी चार अपघातांत गेली, सुटे भाग वेळेवर मिळत नसल्याची तक्रार त्या देशाने केली आणि २०१५ मध्ये करारच रद्द केला. अपघातांच्या कारणांविषयी दोन्ही बाजूंचे मत एक नव्हते. पण ज्या देशाकडे त्या जातीची मुळात सातच हेलिकॉप्टर आहेत, त्याच्यासाठी एका सुट्या भागाची वाट पाहण्यात गेलेले महिने किती जड जातात हे विकणाऱ्याला कळायलाच हवे. मोठ्या हवाई दलात एक हेलिकॉप्टर बंद पडले तर ती किरकोळ बाब असते. लहानात तीच बाब साऱ्या देशाची होते. मालदीवला भारताने दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान दिले, मात्र ती चालवणारे आणि सांभाळणारे भारतीय सैनिकच होते. तिथे सरकार बदलले, सैनिक परत पाठवण्याचा निर्णय झाला, मे २०२४ पर्यंत ते परतले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. त्यानंतर मालदीवच्या संरक्षणमंत्र्यांनीच सांगितले की, ही विमाने चालवू शकणारी माणसे आपल्या सैन्यात नाहीत. यंत्राबरोबर प्रशिक्षण पूर्ण झाले नाही, तर ती मदत मैत्रीची न राहता वादाची होते, आणि त्याचा त्रास दूरच्या बेटावरून रुग्णालयात न्यायच्या आजारी माणसाला होतो.

माणसे घडवण्याच्या बाबतीत सिंगापूरकडून सर्वांनी शिकावे. बेटाचे आकाश एवढे चिंचोळे की तिथे लढाऊ विमान नीट वळवायलाही जागा अपुरी. म्हणून त्यांनी आपले सराव परदेशांत नेले: ऑस्ट्रेलियातील पिअर्स, फ्रान्समधील काझो, अमेरिकेतील माउंटन होम अशा तळांवर त्यांच्या तुकड्या कायम असतात, आणि २००७ च्या करारान्वये त्यांचे वैमानिक भारतातील कलाईकुंडा येथेही सराव करतात. विमानांच्या खरेदीइतकाच विचार त्यांनी सरावाच्या आकाशाचा केला. न्यूझीलंडने २००१ मध्ये उलट निर्णय घेतला आणि आपले लढाऊ दल बंदच केले. हजारो किलोमीटर समुद्राने वेढलेल्या देशाला लढाऊ विमानापेक्षा लांब पल्ल्याचे टेहळणी विमान अधिक उपयोगी, असा तो हिशेब होता, आणि आता त्यांच्याकडे चार पोसायडन विमाने आहेत. हा निर्णय त्यांच्या भूगोलाला परवडतो. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या देशाने त्याचे अनुकरण करू नये.

पैसा असला की सगळे सुटते असे मानणाऱ्यांनी कतारकडे पाहावे. या छोट्याशा देशाने फ्रान्सकडून राफाल, अमेरिकेकडून एफ-१५ आणि ब्रिटनकडून टायफून अशा तीन जातींच्या विमानांची मागणी नोंदवली. तीन प्रकारचे सुटे भाग आणि तीन प्रकारचे प्रशिक्षण यांचा खर्च पत्करून तीन राजधान्यांशी मैत्री बांधून घेतली. त्याच्या भूमीवर अमेरिकेचा मोठा तळही आहे. असे असूनही २०२५ मध्ये जून महिन्यात इराणची क्षेपणास्त्रे त्या तळावर आली आणि ९ सप्टेंबरला इस्रायलने दोहामध्ये हल्ला केला. विमान आणि मैत्री या दोन्ही गोष्टी विकत घेता येतात, पण दोन मित्रांचेच हितसंबंध एकमेकांत गुंतले तर कोणता मित्र आपल्या बाजूने उभा राहील, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. सायप्रसलाही हे वेगळ्या प्रकारे अनुभवावे लागले होते: १९९७ मध्ये त्याने रशियाच्या एस-३०० या विमानविरोधी क्षेपणास्त्र प्रणालीचा करार केला, तुर्कस्तानने हल्ल्याची धमकी दिली, आणि शेवटी ती प्रणाली सायप्रसऐवजी ग्रीसच्या क्रीट बेटावर गेली.

संपादक महोदय, म्हणूनच आपल्याला एक विनंती करतो. यापुढे एखाद्या लहान देशाच्या विमानखरेदीची बातमी देताना विमानांच्या संख्येबरोबर आणखी काही गोष्टींची चौकशी करून त्या छापाव्यात: करारात क्षेपणास्त्रे आहेत का, सुटे भाग किती वर्षांचे आहेत, मोठी दुरुस्ती कोणत्या देशात होणार, वैमानिक आणि तंत्रज्ञ किती आणि कुठे शिकणार, पुढे विकायचे झाल्यास कुणाची परवानगी लागेल, आणि या विमानांना वाट दाखवणारे रडार कुणाचे आहे. यांपैकी एखादी गोष्ट त्या सरकारने जाहीर केली नसेल, तर ती जाहीर केलेली नाही एवढे एक वाक्य तरी बातमीत अवश्य असावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक